पट्टी आधी वळवा, मग चिकटवा

लाकडी बोटीचं मॉडेल तासून, घासून तयार झालं की उरते ती काठावरून फिरणारी बारीक पट्टी. सुतार तिला बीडिंग म्हणतात. बोटीचा डौल बराचसा या एका पट्टीवर असतो आणि मॉडेल बिघडतं तेही बहुधा इथेच. पुढच्या टोकाजवळ, जिथे वळण सर्वांत तीव्र असतं, तिथे काही महिन्यांत पट्टी उचलली जाते. मग खापर गोंदावर फुटतं आणि पुढच्या वेळी त्याहून जहाल काहीतरी आणलं जातं. खरं तर पट्टी सुटते ती बहुतेकदा तिला जबरदस्तीने वाकवून बसवल्यामुळे. वळण लाकडात आधी मुरवलं, तर साधा पांढरा फेविकॉल पुरेसा होतो. ते मुरलेलं नसेल, तर कोणत्याही गोंदाला जन्मभर एका स्प्रिंगशी झुंजावं लागतं.

या झुंजीत प्रत्येक गोंद आपापल्या परीने हरतो. फेविकॉल सुकल्यावरही थोडा लवचीक राहतो. सतत ताण पडला की तो अगदी सावकाश सरकतो आणि फट वाढत जाते. फेविक्विक सुकून कडक, ठिसूळ होतं. सरळ ओढलं तर ते दाद देत नाही, पण टोकाकडून सोलल्यासारखा जोर आला की पटकन तडकतं, आणि वळवलेल्या पट्टीचा जोर नेमका टोकाकडूनच येतो. अराल्डाइटसारखं दोन नळ्यांचं इपॉक्सी मात्र धरून ठेवतं. मग त्यानेच का चिकटवू नये, असा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी, की त्याने ताण नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. बोटीचं अंग पातळ फळ्यांचं असेल, तर पट्टी ते आपल्याकडे ओढते किंवा सांध्याशेजारचं लाकूड तंतूतंतूने फाटतं. शिवाय कडेने बाहेर आलेलं इपॉक्सी पॉलिशखाली डागासारखं दिसत राहतं.

वळण आधी आणि बांधणी नंतर, हा क्रम खऱ्या जहाजांचा आहे. भारतीय नौदलात मे 2025 मध्ये कारवारला दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज गोव्यात जुन्या ‘टंकाई’ पद्धतीने बांधलं गेलं. त्याच्या फळ्या वाफेवर शेकून अंगाच्या आकाराला आणल्या आणि मग काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. माणसं घेऊन समुद्रात जाणाऱ्या जहाजाला हा क्रम मानवतो, तर हातभर लांबीच्या मॉडेलला गोंदाच्या जोरावर तो टाळायची काहीच गरज नाही.

घरी हे काम अवघड नाही. पट्टी गरम पाण्यात अर्धा तास भिजवावी, बोटीच्या वळणापेक्षा किंचित जास्त वळणाच्या साच्यावर बांधावी आणि दिवसभर तशीच वाळू द्यावी. जास्त वळण अशासाठी, की सुटल्यावर ती थोडी उलगडतेच. लाकूड निब्बर असेल तर जाडीचा हिशेब कामी येतो. जाडी निम्मी केली की वाकवायला लागणारा जोर एक अष्टमांश होतो. म्हणून 2 मिलिमीटरची एक पट्टी वाकवण्याऐवजी 1 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवाव्यात. सरळ व्हायचं तर त्यांना एकमेकींवरून सरकावं लागेल, आणि मधला गोंद ते होऊ देत नाही. सागाची पट्टी असेल, तर गोंद लावण्याच्या जरा आधी ताजा काचपेपर मारणं महत्त्वाचं, कारण सागाचं स्वतःचं तेल गोंदाला नीट धरू देत नाही. चिकटवण्याआधी एकच परीक्षा घ्यायची: गोंदाशिवाय पट्टी जागेवर ठेवून दोन बोटांनी हलकेच दाबा. कुठे प्रकाशाची रेघ दिसली, तर गोंदाची बाटली उघडू नका. पट्टी पुन्हा भिजवा.

यावर अनुभवी मॉडेलकारांचा आक्षेप असा, की फेविकॉल तासन्‌तास धरून बसायला लावतो, तर फेविक्विक काही क्षणांत मोकळं करतं. हे खरंच आहे, आणि दोन्ही एकत्र वापरून तो वेळ वाचवता येतो. पट्टीभर फेविकॉलचा पातळ थर द्यायचा, मधे मधे थोडी जागा कोरडी ठेवून तिथे फेविक्विकचा थेंब सोडायचा. थेंब चिमट्याचं काम करतो आणि पुढे खरा भार फेविकॉल घेतो. फक्त सांडलेलं फेविक्विक कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नये. सुताशी त्याची प्रक्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते.

नाशिकच्या हवेत तर ऋतूही पाहावा लागतो. फेविक्विक सुकतं ते हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यामुळे. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ते रेंगाळतं, पावसाळ्यात हात हलवायच्या आत धरतं आणि आजूबाजूला पांढुरका थर सोडतं. फेविकॉलचं गणित उलटं आहे. त्यातलं पाणी निघून जावं लागतं, म्हणून श्रावणात त्याला जास्त वेळ द्यावा. निफाडकडे पारा एक अंकी होतो अशा थंडीच्या पहाटे तर त्याचे कण एकजीव होत नाहीत, तो खडूसारखा पांढरा वाळतो आणि सांधा कच्चा राहतो. अशा दिवसांत काम दुपारच्या उबेत करावं.

मॉडेल खरोखर पाण्यात सोडायचं असेल, तर मात्र साधा फेविकॉल चालणार नाही, कारण भिजला की तो मऊ पडतो. तिथे फेविकॉल मरीन किंवा इपॉक्सी हवं, आणि वॉर्निशचा हात पट्टीच्या खालच्या कडेलाही हवा. वरून चकचकीत दिसणाऱ्या बोटीत पाणी शिरतं ते याच न दिसणाऱ्या कडेतून.