गोळ्या चालू असतानाही उरणारा एचआयव्ही

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीरोधक उपचाराच्या, गोळ्या नियमित घेतल्या की बहुतेकांच्या रक्तातला एचआयव्ही काही महिन्यांत मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली जातो. तरीही तो शरीरातून जात नाही. संसर्गानंतर अगदी लवकर तो आपली जनुकीय प्रत प्रतिकारयंत्रणेच्या काही सीडी-४ पेशींच्या डीएनएत बसवतो, आणि यांतल्या काही पेशी सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे जगतात. औषधे नव्या पेशींना होणारी लागण रोखतात. आधीच बसलेल्या प्रतीला हात लावू शकत नाहीत. अशी पेशी विभागली की प्रतही दुणावते. अशा सुप्त पेशींचा साठा उपचार चालू असताना निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. गोळ्या थांबवल्या तर विषाणू बहुधा २ ते ४ आठवड्यांतच रक्तात परततो.

गोळ्या चालू असतानाही शरीरात मंद दाह राहतो. त्याचे मूळ बरेचसे आतड्यात आहे. संसर्गाच्या सुरुवातीच्याच आठवड्यांत तिथल्या सीडी-४ पेशी मोठ्या प्रमाणात मरतात आणि अस्तर पुढे पूर्ण सावरत नाही. त्यातून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते. ताप नाही, दुखणे नाही. पण रक्तवाहिन्यांना इजा होत राहते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून औषधे निरुपयोगी, असा अर्थ काढणे घातक ठरेल: उपचारांविना दाह कितीतरी जास्त असतो.

उपचार लवकर सुरू झाले तर साठा लहान राहतो. हृदयाच्या धोक्यावरही उपाय तपासला गेला आहे: भारतासह १२ देशांतल्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांवरच्या रिप्रीव्ह चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या रोजच्या गोळीमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या.