टॉर्क कन्व्हर्टर आणि तीन वेळा 'टक्'

प्रथम एक खुलासा. या लेखातलं कर्जत म्हणजे मुंबईच्या लोकलचं, वडापाववालं कर्जत नव्हे. आपलं कर्जत, नगर जिल्ह्यातलं (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर). राशीनची यमाई, सिद्धटेकचा गणपती, रेहेकुरीची काळविटं आणि पावसाची कायमची उधारी असलेला तालुका. पाऊस कमी म्हणून खोदकाम जास्त. विहीर, शेततळं, नाला खोलीकरण, चारी. मार्च ते मे या काळात या भागात फिरलात तर शिवारात बैलापेक्षा पिवळा जेसीबी जास्त दिसेल. आणि त्या जेसीबीच्या पोटात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे आपल्या टी.ई.च्या पुस्तकातला टॉर्क कन्व्हर्टर बसलेला असतो.

मित्रांनो, हा विषय आपण सगळ्यांनी ओरलला पाठ केलेला आहे. इम्पेलर, टर्बाइन, स्टेटर, तीन ओळी आणि एक आकृती. एक्स्टर्नल विचारतात, "स्टेटर कशाला?" आपण म्हणतो, "सर, तेल वळवायला." मार्क मिळतात, विषय संपतो. पण तोच कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या कामानंतर परत बसवायचा म्हटलं की पुस्तकात एक ओळ नाही. आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

थोडी उजळणी. कन्व्हर्टर म्हणजे वेल्डिंगने बंद केलेलं, तेलाने भरलेलं डोनटसारखं भांडं. भांड्याचं बाहेरचं कवच इंजिनबरोबर फिरतं आणि इम्पेलरची पाती त्याच कवचाला आतून जोडलेली असतात. ती तेल फेकतात, समोरची टर्बाइन त्या तेलाने फिरते आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला फिरवते. टर्बाइनमधून परतणारं तेल इम्पेलरच्या विरुद्ध दिशेने येऊन त्याला अडवू नये म्हणून मधे स्टेटर, तोही एकाच बाजूला फिरणाऱ्या क्लचवर. टर्बाइन थांबलेली आणि इंजिन जोरात, अशा वेळी टॉर्क साधारण दोन-अडीच पट होतो. जर्मनीच्या हर्मन फॉटिंगरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत तो रुळला १९४८ च्या ब्यूइक डायनाफ्लोपासून.

जेसीबीला हा का लागतो हे एकदा ढिगाऱ्यासमोर उभं राहून बघा. लोडरचं बकेट मुरमात घुसवलं की मशीन थांबतं, पण इंजिन बंद पडत नाही, उलट रेटा वाढतो. पुढे, मागे, पुढे, मागे, असं दिवसभर चालतं. साध्या क्लचप्लेटने हे काम केलं तर दुपारपर्यंत प्लेटचा वास सुटेल.

(जाता जाता: नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात पकडलेले पॅटन उभे आहेत. त्या पॅटनमध्ये एलिसनचा सीडी-८५० नावाचा गिअरबॉक्स असे, त्यातही टॉर्क कन्व्हर्टरच. गेल्यावर नुसते तोफेजवळ फोटो काढू नका, मागच्या बाजूलाही एक चक्कर मारा.)

आता मुद्द्याचं. समजा गिअरबॉक्स उतरवला, क्लचप्लेटा-सील बदलले, सगळं परत जुळवलं. उरलं फक्त चढवणं. इथे साध्या गिअरबॉक्सवर हात बसलेला मिस्त्री सवयीने एक गोष्ट करतो. क्लच जसा फ्लायव्हीलवर आधी आवळतात, तसा तो कन्व्हर्टर इंजिनच्या बाजूला बोल्टने आवळून टाकतो आणि मग गिअरबॉक्स त्यात घुसवायला जातो. हे साफ चूक. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर बसतो, मग दोन्ही मिळून इंजिनला लागतात.

कारण कन्व्हर्टरच्या मागच्या बाजूची नळी, जिला हब म्हणतात, तिच्यात एकाच वेळी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सगळ्यात आत इनपुट शाफ्टचे दाते टर्बाइनच्या दात्यांत. त्याच्या बाहेर स्टेटरचा स्थिर शाफ्ट, त्याचे दाते स्टेटरच्या क्लचमध्ये. आणि शेवटी हबच्या टोकाला असलेल्या दोन खाचा किंवा सपाट बाजू गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या गिअरमध्ये. हा पंप म्हणजे ऑटोमॅटिकचं हृदय. त्याच्याच दाबावर आतल्या क्लचप्लेटा पकडतात. बहुतेक गिअरबॉक्समध्ये तो थेट या हबनेच फिरतो. म्हणूनच इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही, तुम्ही होस्टेलची सगळी विंग आणली तरी.

बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. कन्व्हर्टर आत सरकतो, पहिले दाते लागतात, 'टक्'. थोडा फिरवला की दुसरे, 'टक्'. आणि इथे माणूस फसतो. कारण कन्व्हर्टर आता छान बसल्यासारखा वाटतो, हलत नाही, पडत नाही, फिरवला तर फिरतो. पण पंपाच्या खाचा अजून लागलेल्या नसतात. हबचं टोक पंपाच्या गिअरवर नुसतं टेकलेलं असतं. फरक किती? बोटाच्या पेराच्या आतबाहेर. त्या पेरावर पंप जगणार की मरणार ते ठरतं.

मग करायचं काय? गिअरबॉक्स शक्यतो बेलहाउसिंग वर करून उभा ठेवा, म्हणजे कन्व्हर्टरचं वजनच मदत करतं. हबला आणि सीलच्या ओठाला तेल लावा. हबवर चरा किंवा गंज असेल तर आधी साफ करा, नाहीतर नवं सील पहिल्याच दिवशी गळेल. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता, म्हणजे सुरुवातीला पंप कोरडा फिरणार नाही. मग दोन्ही हातांनी सरळ धरून, किंचित दाबत, डावीकडे-उजवीकडे फिरवत राहा. ठोकायचं नाही. हातोडी त्या खोलीतच नको. तिसरा 'टक्' आला की कन्व्हर्टर एकदम खाली जातो, ते हाताला कळतं.

कानावर मात्र विश्वास ठेवू नये. काही मॉडेलांत टक् दोनच येतात, काहींत लॉक-अपच्या वेगळ्या शाफ्टमुळे जास्त. म्हणून मोजायचं. बेलहाउसिंगच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिथून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या पॅडपर्यंतची खोली व्हर्नियरने घ्या. हा आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. मॅन्युअल नसेल (कर्जतला बहुधा नसतंच) तर गिअरबॉक्स उतरवल्यावर, कन्व्हर्टर ओढून काढायच्या आधी हीच खोली मोजून खडूने बेलहाउसिंगवर लिहून ठेवा. पहिल्या वर्षी वर्कशॉपला व्हर्नियर घेताना आपण तो जॉब पास करण्यापुरता घेतो, त्याचा खरा उपयोग हा.

कर्जतच्या एका गॅरेजमध्ये ऐन हंगामात काय झालं ते तिथल्याच फिटरच्या तोंडून ऐकलंय. गिअरबॉक्स चेन ब्लॉकवर घेतला, इंजिनला भिडवला. बेलहाउसिंग आणि इंजिनमध्ये बोटभर फट राहिली. मालक डोक्यावर उभा, तीन ठिकाणची शेततळी ठरलेली, पाऊस तोंडावर. "बोल्टने ओढून घे," असं ठरलं. सहा बोल्ट आळीपाळीने आवळले, फट गेली, सगळे खूश. सेल्फ मारला, इंजिन घरघरलं आणि आतून लोखंड चावल्यासारखा आवाज. पंपाच्या गिअरचे कान तुटले, पंपाच्या बॉडीला तडा. परत सगळं खाली. पार्ट पुण्याहून यायचा. तोवर आठवडा गेला आणि एका शेततळ्याचं काम दुसऱ्या मशीनला गेलं. हंगामाचे हप्ते मात्र फायनान्सवाल्याला थांबत नाहीत.

'बोल्टने ओढून घे' हे वाक्य किती महाग आहे ते मशीन डिझाइनच्या पहिल्या चॅप्टरने काढता येतं. १० मिमीचा बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळला, नट फॅक्टर ०.२ धरला, तर बोल्टमधली ओढ म्हणजे ४५ भागिले (०.२ गुणिले ०.०१०) बरोबर २२,५०० न्यूटन. साधारण २.३ टन. सहा बोल्टांचे पावणेचौदा टन. समोर काय आहे? पंपाच्या गिअरचे दोन छोटे कान. आणि पंप वाचलाच तर तो रेटा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो, म्हणजे गिअरबॉक्सच्या कामात इंजिनही उघडायची वेळ.

म्हणून नियम सरळ आहे. गिअरबॉक्स इंजिनला हाताच्या जोरावर, फार तर थोडं हलवून, पूर्ण भिडला पाहिजे. नाही भिडला तर बोल्टला हात लावायचा नाही. मागे घ्या, कन्व्हर्टर बघा. बरेचदा असं होतं की टेबलावर तो बरोबर बसलेला असतो, पण गिअरबॉक्स जॅकवर नेताना तोंड खाली झुकतं आणि कन्व्हर्टर पुढे घसरतो. तेवढ्यासाठी बेलहाउसिंगवर एक पट्टी आडवी बांधून ठेवतात आणि शेवटच्या क्षणी काढतात. डॉवेल पिना जागेवर आहेत ना तेही बघा. जुन्या पिना हरवल्या म्हणून तशाच बोल्टवर बसवलेला गिअरबॉक्स मध्यातून सरकतो आणि हबचा बुश खातो.

बेलहाउसिंग आवळून झालं की शेवटची तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कन्व्हर्टर अजून फ्लेक्सप्लेटला जोडलेला नाही. खालच्या खिडकीतून हात घाला. तो हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून थोडा मागे असला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ही फट २ ते ५ मिमीच्या दरम्यान असते. नक्की आकडा मॅन्युअलचा. फट शून्य आणि कन्व्हर्टर घट्ट, म्हणजे पंप लागलेला नाही, सेल्फ मारू नका. फट फारच मोठी असेल तर पार्ट चुकीचा आला असण्याची शक्यता, कारण तेवढा पुढे ओढल्यावर हब पंपातून अर्धवट बाहेर येईल. फट बरोबर असेल तर कन्व्हर्टर पुढे ओढून त्याचं नाक क्रँकच्या भोकात बसवा, सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग टॉर्क रेंचने.

हे बोल्ट मूळचेच हवेत. डब्यातला लांब बोल्ट चालवला तर तो कवचाला आतल्या बाजूने फुगवटा आणतो, आणि लॉक-अप क्लच नेमका त्याच पृष्ठभागावर घासतो. बाहेरून काही दिसत नाही, गाडी महिनाभराने थरथरायला लागते. फ्लेक्सप्लेटला भोकांजवळ तडे गेलेत का तेही याच वेळी बघून घ्यावं.

एक खर्चाची गोष्ट. आतल्या प्लेटा जळून गिअरबॉक्स गेला असेल तर त्याचा कचरा कन्व्हर्टरमध्येही गेलेला असतो. भांडं बंद, त्यामुळे डिझेल ओतून हलवलं तरी सगळं निघत नाही. एक तर बदलायचा किंवा कापून दुरुस्त करणाऱ्याकडे द्यायचा. कूलरच्या नळ्या धुवायच्या त्या वेगळ्या. मालकाला हे आधीच सांगावं, नंतर सांगितलं की भांडण होतं.

मग तेल भरायचं. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच, 'लाल दिसतंय म्हणजे चालेल' असं नव्हे. थोडं भरून इंजिन चालू, कन्व्हर्टर भरला की पातळी उतरते, पुन्हा भरा. रेस द्यायची नाही. मशीन जागेवरच ठेवून एकेक गिअर टाकून बघा, मग तेल गरम झाल्यावर मॅन्युअलप्रमाणे पातळी पुन्हा तपासा आणि बेलहाउसिंगच्या खाली एक कोरडा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर थेंब नसेल तर सील बरोबर बसलंय, मशीन शेतावर जायला मोकळं.