टाकीतल्या समुद्राचा जमाखर्च

क्रॉफर्ड मार्केटमधल्या मासेवाल्यांकडे खाऱ्या पाण्याच्या टाकीचं सामान घ्यायला गेलं, की दुकानदार आधी बाटल्या पुढे करतो. कॅल्शियमची एक, मॅग्नेशियमची एक, ‘बफर’ची एक, आणि गिऱ्हाईक भाबडं दिसलं तर स्ट्रॉन्शियम नि आयोडीनही. टेस्ट किट मात्र मागितल्याशिवाय काउंटरवर येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईतल्या बहुतेक घरगुती रीफ टँकना या बाटल्या लागतच नाहीत. ज्यांना लागतात त्यांना किती लागतात, हे मोजल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात कॅल्शियम 400 ते 420 पीपीएम आणि मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास. तिसरी गोष्ट अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. तिला शौकीन ‘केएच’ म्हणतात आणि ती 7 ते 8 अंश असते. टणक प्रवाळ, शंख-शिंपले आणि दगडांवर जांभळट थर धरणारं कोरलाइन शेवाळ हे सगळे पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून चुनखडीचं अंग घडवतात. ही दोन द्रव्यं पाण्यातच परस्पर एकत्र येऊन खाली बसू नयेत, हे काम मॅग्नेशियम करतं.

आता आपल्याकडे खाणारं आहे तरी कोण? 2001 पासून रीफ बांधणारं सगळं टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रपंखे, समुद्रघोडे, महाकाय शिंपले हेही त्याच यादीत आले. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून काढलेला तुकडा घरात ठेवणं हा गुन्हाच. कायद्याचा धाक किती, ते कोस्टल रोडच्या वेळी दिसलं. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या 18 लहानशा वसाहती सापडल्या, तर महापालिकेला रीतसर परवानगी काढून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेऊन 2020 च्या नोव्हेंबरात त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्यामुळे कायद्याला धरून चालणाऱ्या मुंबईकराच्या टाकीत बहुधा मऊ शरीराचे झोअँथिड आणि मशरूम प्रवाळ, थोडे शंख आणि कोरलाइन शेवाळ एवढाच संसार असतो. या मंडळींची भूक बेताची. (कुणी ‘परदेशी माल आहे’ म्हणून टणक प्रवाळ दाखवलं, तर आधी कागद मागावेत.)

ही भूक मोजायची रीत बारावीच्या प्रॅक्टिकलमधलीच आहे, टायट्रेशन. केएचसाठी टाकीचं मोजकं पाणी कुपीत घ्यायचं, सूचक टाकायचं आणि आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. रंग पालटला की थांबायचं. कॅल्शियमच्या किटमध्ये आधी पाणी तीव्र अल्कली करतात, म्हणजे मॅग्नेशियम बाजूला पडतं. मग ईडीटीएचे थेंब पडत जातात आणि गुलाबी पाणी निळं होतं. गंमत अशी की तो रंग एकदम पालटत नाही. मधे जांभळ्याच्या दोन-तीन छटा येतात आणि नेमका कुठला थेंब शेवटचा, यावर नवरा-बायकोत वाद होतो. कुपी पांढऱ्या कागदावर ठेवावी, दरवेळी त्याच ट्यूबलाइटखाली बघावं, सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरावी आणि कुपी आधी टाकीच्याच पाण्याने विसळावी. शक्यतो रोज तीच वेळ गाठावी. मुंबईच्या उष्म्यात द्रावणं लवकर बिघडतात, म्हणून किटवरची तारीख बघून घ्यावी आणि ते दिव्यांच्या फिटिंगच्या गरम कपाटात ठेवू नये.

तिन्ही चाचण्यांमध्ये केएच पहिली, आणि त्याला हिशेबाचं कारण आहे. चुनखडी घडताना केएच 1 अंशाने उतरतो तेव्हा कॅल्शियम फक्त 7 पीपीएमने उतरतं. समजा 200 लिटर पाण्याच्या टाकीत सोमवारी संध्याकाळी केएच 8.4 होता आणि गुरुवारी त्याच वेळी 7.8 भरला. म्हणजे रोजचा खर्च 0.2, आठवड्याचा 1.4. तेवढ्यात कॅल्शियम उतरलं फक्त 10 पीपीएम, 420 चं 410. इतका फरक साध्या किटच्या चुकीतच बुडून जातो. कॅल्शियम ‘स्थिर’ दिसतं, मालक खूश असतो आणि तोवर केएचचा सहावा हिस्सा संपलेला असतो.

हा खर्च भरून काढायचा तर 100 लिटरला 1 अंशासाठी साधारण 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. वरच्या टाकीला रोज 1.2 ग्रॅम, चिमूटभरच. (खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि पिठूळ असतं.) त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड, दोन रेणू पाणी असलेलं, रोज सुमारे 1 ग्रॅम. दोन्ही प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनवाल्यांकडे लॅब ग्रेडमध्ये मिळतात आणि परदेशी बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. दोन्ही वेगवेगळी विरघळवावीत, वेगवेगळ्या वेळी, पंपाच्या धारेत सोडावीत. एकत्र ओतली तर पाण्यात पांढरा धुरळा उठतो आणि जे वाढवायचं होतं तेच खाली बसतं. केएच फार घसरला असेल तरी एका दिवसात 1 अंशाहून जास्त चढवू नये.

आणि ज्या टाकीचा खर्च आठवड्याला 0.3 एवढाच आहे, तिथे काहीच ओतू नये. 11 अंशांचं नवं मीठ कालवून आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदललं, की 8 अंशांच्या टाकीत 0.3 आपसूक परत येतो. मऊ प्रवाळांच्या टाक्या बहुतांशी याच वर्गातल्या.

मुंबईत या सगळ्यात एक पाचर आहे ती हवेची. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी इतकं ओढतं की कपाटातला दमटपणा घालवायच्या डब्यांत तेच भरलेलं असतं. जुलैमध्ये बरणीचं झाकण अर्धवट राहिलं तर खडे घामेजतात, मग त्यांचा लगदा होतो आणि काट्यावर 1 ग्रॅम भरलं तरी त्यात बरंचसं पाणीच. पुडा फोडल्याबरोबर सगळ्याचं मोजून द्रावण करून ठेवणं उत्तम.

चुन्याची निवळी वापरणाऱ्यांना पावसाळा वेगळ्याच बाजूने गाठतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतं. साका खाली बसू द्यायचा, वरची साय फोडायची नाही आणि आटलेल्या पाण्याच्या जागी ही नितळ निवळी रात्री थेंबाथेंबाने सोडायची. 1 लिटर निवळी 200 लिटरच्या टाकीत केएच अर्ध्या अंशाहून थोडा जास्त आणि कॅल्शियम 4 पीपीएम वाढवते. दोन्ही बरोबर हव्या त्या प्रमाणात. पण निवळी घालायची तेवढीच, जेवढं पाणी आटेल. एप्रिलमध्ये पंखा लावलेल्या टाकीतून भरपूर आटतं. आषाढ-श्रावणात हवाच ओली, आटणं मंदावतं, निवळीही तेवढी कमी जाते आणि केएच हळूहळू घसरतो. जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरात एकदा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पानाचा चुना मात्र या कामाला आणू नये. त्याच्या डबीत आणखी काय मिसळलंय याचा भरवसा नाही. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, तेव्हा डोळे आणि पोरं दोन्ही सांभाळावीत.

पाण्याबाबत आपण नशीबवान. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी मृदू, त्यामुळे आरओची मेंब्रेन टिकते. क्लोरीन काढण्यासाठी कार्बन फिल्टर मात्र हवाच. गिरगाव चौपाटीवरून कॅन भरून आणायचा विचार मनातसुद्धा आणू नये. सांडपाणी आहेच, शिवाय पावसात किनाऱ्याच्या पाण्याचा खारेपणाही उतरतो.

राहता राहिला पीएच, ज्यामुळे सर्वाधिक ‘बफर’, म्हणजे केएच चढवणारं मिश्रण, खपतं. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात, किंवा परळच्या टॉवरमध्ये एसीसाठी खिडक्या बंद असतात. खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात उतरतो आणि सकाळी पीएच 7.8 भरतो. घाबरून बफर ओतलं की पीएच तासाभरापुरता हलतो, केएच मात्र 12 वर जाऊन बसतो. इथे ओतण्यासारखं काही नाही. स्किमरची, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणाऱ्या यंत्राची, हवेची नळी खिडकीतून बाहेर गॅलरीत काढावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पीएच पुन्हा मोजावा.