दूरचा संगणक ‘माझा’ असतो का?

आजचा विषय तंत्रज्ञांचा वाटेल. पण त्यात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. रोज ज्यावर काम करतो तो संगणक टेबलावर नसून दूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर असेल, तर त्याला ‘माझा’ म्हणायचं का?

आधी रचना पाहू. रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रोग्रॅम चालतात ते दूरच्या सर्व्हरवर. आपल्याकडे येतं ते पडद्याचं चित्र, आणि इकडून जातं ते कळा दाबणं, माउस हलवणं. सगळं चित्र पुन्हा पुन्हा येत नाही. मुख्यतः बदललेला भागच येतो. म्हणून जुन्या लॅपटॉपवरही अवजड काम होतं. कल्पना नवी नाही. एकाच संगणकावर अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून काम करण्याची पद्धत एमआयटीत १९६१ साली दाखवली गेली होती.

याचा खरा फायदा कोणता? आपल्याकडची वीज गेली तरी तिकडचं काम थांबत नाही. इथे ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘साइन आउट’ यांतला भेद लक्षात ठेवा. पहिल्यात टेबलावरचे कागद तसेच पसरलेले राहतात, दुसऱ्यात टेबल आवरलं जातं. मात्र डिस्कनेक्ट केलेलं सत्र ठरावीक वेळाने बंद करण्याची सोय सर्व्हर चालवणाऱ्याच्या हाती असते, तेव्हा उठण्याआधी फाइल सेव्ह केलेली बरी.

मर्यादा आहे ती अंतराची. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार. म्हणजे जाऊन-येऊन निदान सेकंदाचा आठवा भाग. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण केबल सरळ रेषेत जात नाही. जास्त पैसे भरून बँडविड्थ वाढेल, अंतर कसं कमी होणार? म्हणून सर्व्हर जवळच्या शहरातला निवडावा.

आता मूळ प्रश्न. आपल्या नैयायिकांनी ‘स्वत्व’ म्हणजे काय, याची बारकाईने चर्चा केली आहे. एक व्याख्या अशी, की जिचा यथेष्ट विनियोग करता येतो ती वस्तू आपली. रघुनाथ शिरोमणींना हे पटलं नाही. अहो, दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच की! ‘दुसऱ्याचं घेऊ नये’ असं म्हणावं, तर ‘दुसऱ्याचं’ म्हणजे काय हे आधी कळायला हवं. म्हणून त्यांनी स्वत्व हा वेगळा पदार्थच मानला.

हाच विवेक इथे लावू. सर्व्हर मनासारखा वापरता येतो, म्हणून तो आपला होत नाही. भाडं थकलं, खातं गोठलं, की दार बंद. यंत्र परक्याचं असायला हरकत नाही. पण आत ठेवलेला प्रबंध, हिशेब, पत्रव्यवहार आपला आहे. म्हणून त्याची एक प्रत नेहमी घरच्या डिस्कवर असावी. सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या आतलं पाहता येऊ शकतं. तेव्हा अगदी खाजगी गोष्टी तिथे ठेवू नयेत. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटला थेट उघडा ठेवू नये. चोर तो सतत चाचपत असतात. आत जायचं ते व्हीपीएनमधून, आणि पासवर्डसोबत दुसरी खूण लावून. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं वापरू नये.

भाड्याच्या घरात सुखाने राहता येतं, फक्त दागिन्यांची किल्ली घरमालकाकडे असू नये. एवढं बोलून थांबतो.