इगतपुरीला इंजिन का बदलत होतं?

मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून मुंबईकडे निघालेली गाडी पूर्वी इगतपुरीला रेंगाळायची. प्रवासी चहा-वडा घेत असताना एक विजेचं इंजिन सुटायचं आणि त्याच्या जागी दुसरं विजेचंच इंजिन लागायचं. पुढे घाट आहे म्हणून, असं बरेच जण समजत. खरं कारण डोक्यावरच्या तारेत होतं आणि त्याचं मूळ बोरीबंदरात.

बोरीबंदरला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं, बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं. तेव्हा इथे राज्य वाफेचं होतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथूनच कुर्ल्याकडे देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेवर. तेव्हा डीसी निवडणं शहाणपणाचंच होतं. डीसी मोटर थांबलेली गाडी जोरात ओढते आणि तिचा वेग आवरणंही सोपं. पुढे हीच वीज घाट चढून पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोहोचली.

अडचण होती ती कमी दाबाची. ३००० किलोवॅट शक्ती पुरवायची तर १५०० व्होल्टला २००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टला साधारण १२० पुरतो. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच तार, तीच शक्ती, पण नुकसान सुमारे २७८ पट! म्हणून डीसी मार्गावर जाड तारा आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र हवं.

इंजिनातच एसीची, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेची, डीसी करणारी भरवशाची यंत्रणा आल्यावर १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसीचा मार्ग धरला. इगतपुरीच्या पूर्वेला, पुढे मलकापूर-शेगावकडेही, हीच वीज आली. दोन विजांची शीव इगतपुरीत पडली. नव्वदच्या दशकात या मार्गावर दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, तेव्हा ही अदलाबदल सरू लागली.

मुंबईत मात्र बदल रखडला. जास्त दाबाच्या तारेभोवती जास्त मोकळी जागा लागते आणि जुने पूल ठेंगणे. शिवाय लाखो प्रवाशांच्या लोकल बंद ठेवून काम करणं अशक्य. शेवटी एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची डीसी लोकल थांबली. बोरीबंदर ते कुर्ला, जिथे देशातली पहिली विजेची गाडी धावली होती, तोच तुकडा मध्य रेल्वेत सर्वांत शेवटी बदलला. पहिलं असण्याची किंमत त्याने ९१ वर्षं मोजली.