कुंडीतील भाजी आणि आकाशातील सूर्य

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, घरोघरी जी भाजी करतात तिच्यात काय काय असते ते आठवून पाहा. पावट्याचे दाणे, घेवडा, वांगे, गाजर, ओला हरभरा आणि वर तिळाचे कूट. आता हीच भाजी मे महिन्यात करायची ठरवली तर? वांगे मिळेल. शीतगृहात ठेवलेले गाजरही बाजारात मिळेल. पण परसातल्या जुन्या गावठी पावट्याच्या वेलाला त्या दिवसांत कितीही पाणी घाला, कितीही खत घाला, त्यावर शेंग धरणार नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत तोच वेल शेंगांनी लगडलेला असतो.

असे का होते? गच्चीवर किंवा गॅलरीत चार कुंड्या ठेवून भाजी लावणाऱ्या प्रत्येकाला असे प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे केवळ वनस्पतिशास्त्रात नाहीत. बरीचशी तुमच्या पदार्थविज्ञानाच्या आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात आहेत. ती आपण एकेक करून पाहू.

काठी आणि सावली

एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागेत उभी करा. भर मध्यान्ही तिची सावली मोजा. येथे मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. पुण्या-मुंबईकडे सूर्य सर्वांत उंच येतो तो साडेबारानंतर काही मिनिटांनी, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तानुसार चालते आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेस आहोत.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरला सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे २३.५ अंश दक्षिणेस असतो. दोहोंची बेरीज ४२ अंश. म्हणजे त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून ४२ अंश दक्षिणेकडे कललेला, अर्थात क्षितिजापासून ४८ अंश उंच असतो. काठीची सावली उत्तरेकडे पडते आणि ती ९० सेंटिमीटर भरते. २१ जूनला सूर्य कर्कवृत्तावर असतो. तेव्हा तो आपल्या डोक्यावरून ५ अंश उत्तरेकडे असतो. सावली दक्षिणेकडे पडते आणि तिची लांबी जेमतेम ९ सेंटिमीटर असते. ढगांतून ऊन पडले तर मोजून पाहा!

या दोन आकड्यांवरून कुंड्या कोठे ठेवाव्यात ते ठरते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन तिरपे आत येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र पुण्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेस असतो. त्या काळात त्याच गॅलरीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि उत्तरेकडच्या गॅलरीला ऊन मिळते. तेव्हा एका गॅलरीत वर्षभर एकाच जागी कुंडी ठेवून चालत नाही. सूर्य सरकला की कुंडीनेही सरकले पाहिजे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दक्षिणेच्या गॅलरीचा कठडा भरीव आणि ९० सेंटिमीटर उंच आहे असे समजा. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही त्याची सावली जमिनीवर ८१ सेंटिमीटरपर्यंत आत येते. सकाळी आणि दुपारनंतर ती याहूनही लांब असते. म्हणजे कठड्याला लागून जमिनीवर ठेवलेली मेथीची कुंडी थंडीभर सावलीतच राहते आणि आपण मात्र बियाण्याला दोष देतो. कुंडी स्टुलावर ठेवा, काम होईल. पालेभाज्यांना रोज चार-पाच तास, तर टोमॅटो, वांगी, मिरची यांसारख्या फळभाज्यांना सहा तास किंवा अधिक ऊन लागते, हे ध्यानात ठेवावे.

रात्र मोजणारी झाडे

आता पावट्याकडे वळू. पुण्यात २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर २२ डिसेंबरचा सुमारे अकरा तासांचा असतो. फरक अवघा सव्वादोन तासांचा. तो आपल्याला फारसा जाणवत नाही, पण वनस्पतीला जाणवतो.

अमेरिकेच्या शेतीखात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात नुसतीच उंच वाढे, तिला फुले येत नसत. त्यांनी ती झाडे रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवली, म्हणजे त्यांचा दिवस लहान केला. झाडांना फुले आली! पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर प्रयोग करून दाखविले की, वनस्पती खरे पाहता दिवस मोजत नाही, ती सलग रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यभागी काही मिनिटे प्रकाश पाडला, तर त्या तणाला फूल येत नसे. पानांतील ‘फायटोक्रोम’ हे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशाने बदलते आणि त्यावरून वनस्पतीला अंधाराचा हिशेब कळतो.

जुना गावठी पावटा हा लहान दिवसांचा, म्हणजे लांब रात्रींचा चाहता आहे. जूनमध्ये लावलेला वेल पावसाळाभर केवळ पाने वाढवतो आणि दिवाळीच्या सुमारास रात्री लांबल्या की फुलतो. म्हणून भोगीला शेंगा! पालकाचे याच्या उलट आहे. दिवस मोठे होऊ लागले की तो पाने देण्याऐवजी फुलोऱ्याचा दांडा वर काढतो. कोथिंबिरीचेही तसेच. मोठा दिवस आणि उष्मा एकत्र आले की ती चटकन फुलावर येते आणि पाने विरळ होतात. मार्चमध्ये कोथिंबीर ‘बिघडली’ असे आपण म्हणतो. वास्तविक ती आपले काम चोख करीत असते. तिला धणे करायचे असतात, पाने हवी असतात ती आपल्याला!

यावरून आपल्याकडच्या हवामानात घरच्या बागेचे साधारण वेळापत्रक असे मांडता येते :

पावसाळा (जून-जुलैची पेरणी) : भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले, भोपळा, अळू. आले आणि हळद मे-जूनमध्ये लावावी.

हिवाळा (सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर) : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, नवलकोल, वाटाणा, टोमॅटो.

उन्हाळा (फेब्रुवारी-मार्च) : तांदुळजा, भेंडी, गवार, काकडी. पुदिना दुपारच्या सावलीत ठेवावा.

तुळस, गवती चहा आणि पानओवा यांना तर बारा महिने जागा द्यावी. मेथी २५ ते ३० दिवसांत तयार होते, म्हणून नवशिक्याने तिच्यापासूनच आरंभ करावा. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन डाळिंब्या करून पेरावे, कारण एका धण्यात दोन बिया असतात.

कुंडीला पाणी किती?

‘रोज एक तांब्या’ हे उत्तर बरोबर नाही. पावसाचे पाणी आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, तसेच उडून जाणारे पाणीही मोजता येते. एक चौरस मीटर पृष्ठावरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे बरोबर एक लिटर गेले. महाराष्ट्राच्या पठारावर कडक उन्हाळ्यात उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला ८ ते १० मिलिमीटर आटते, थंडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. तीस सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीचे तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटर. तेव्हा मेमध्ये तिला दिवसाला साधारण ०.५६ ते ०.७ लिटर, तर डिसेंबरमध्ये सुमारे ०.३ लिटर पाणी पुरावे. झाडाचा पसारा कुंडीबाहेर दुप्पट क्षेत्रावर गेला असेल, तर पाणीही त्याच प्रमाणात वाढवावे. मातीवर वाळक्या पाल्याचा दोन बोटे जाड थर पसरला तर मातीतून थेट उडणारे पाणी पुष्कळ वाचते.

कुंडी मातीची की प्लॅस्टिकची? मातीच्या कुंडीला माठाप्रमाणे सूक्ष्म छिद्रे असतात. तिच्या भिंतीतून १०० ग्रॅम पाणी उडाले तर ते सुमारे ५८,००० कॅलरी उष्णता घेऊन जाते. एवढ्या उष्णतेने दहा लिटर पाणी जवळजवळ ६ अंशांनी तापले असते. म्हणजे मातीची कुंडी मुळांना थंड ठेवते, पण पाणी जास्त पिते. प्लॅस्टिकची पाणी राखते, पण उन्हात तापते, काळ्या रंगाची तर अधिकच. तिला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले की दोन्हींचा थोडाथोडा लाभ मिळतो.

गच्ची किती भार पेलेल?

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. हौसेच्या भरात पुष्कळजण गच्चीवर विटांचा वाफा बांधून त्यात शेतातली माती भरतात. वाफा ३० सेंटिमीटर खोल आहे असे धरा. एका चौरस मीटरवर ३०० लिटर माती बसली. ओल्या मातीच्या एका लिटरचे वजन सुमारे १.७ किलोग्रॅम. म्हणजे दर चौरस मीटरला ५१० किलोग्रॅम भार! ६४ किलोग्रॅम वजनाची आठ माणसे प्रत्येक चौरस मीटरवर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे उभी आहेत अशी कल्पना करा. माणसांच्या वावरासाठी असलेल्या गच्चीचा आराखडा भारतीय मानकानुसार साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोग्रॅम एवढा वापराचा भार गृहीत धरून करतात. आपला वाफा त्याच्या तिपटीहून जड झाला. त्यात जुन्या इमारतीची सळई गंजलेली असेल आणि वाफ्याखालची ओल स्लॅबमध्ये मुरत असेल, तर संकट ओढवून घेतल्यासारखेच आहे. ही भाजी कितीही सकस असली तरी तेवढ्या मोलाची नाही.

उपाय सोपा आहे. पालेभाज्यांना १५ सेंटिमीटर खोली पुरते. नुसत्या मातीऐवजी थोडी माती, पुष्कळ कुजलेले खत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा उसाची कुजलेली चिपाडे असे मिश्रण घ्या. ते ओले असतानाही लिटरला एक किलोग्रॅमच्या आसपास राहते. आता हिशेब करा : १५० लिटर, म्हणजे १५० किलोग्रॅम. मध्ये चालण्यापुरत्या वाटा सोडल्या की सरासरी आणखी उतरते. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंतींच्या आणि तुळयांच्या वर ठेवाव्यात. कुंड्यांखाली विटा घालाव्यात, म्हणजे स्लॅब कोरडी राहील. इमारत जुनी असेल तर बांधकाम अभियंत्याला विचारल्यावाचून वाफा करू नये. घरातील मोठ्या माणसांना हा हिशेब तुम्हीच करून दाखवा.

खताचा ढीग का तापतो?

हलके मिश्रण हवे तर खत हवे, आणि ते स्वयंपाकघरातील देठे-सालींपासून घरीच होते. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, वाळक्या पाल्यात कार्बन जास्त. सूक्ष्मजीवांना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन मानवतो, म्हणून दोन्ही मिसळायचे. नुसता ओला कचरा घातला तर हवा खेळत नाही आणि दुर्गंधी सुटते.

सूक्ष्मजीव श्वसन करतात आणि त्यातून उष्णता निघते. एक मीटर लांब, रुंद, उंच ढिगाचे घनफळ १ घनमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस मीटर. तीस सेंटिमीटरच्या पेटीत मात्र दर घनमीटरमागे २० चौरस मीटर पृष्ठ पडते. उष्णता निर्माण होते घनफळात आणि निसटते पृष्ठावरून. म्हणून मोठा ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्यातील तणांचे बी व बहुतेक रोगजंतू मरतात. घरची बादली तेवढी तापत नाही. त्यामुळे तिच्यातील खत पूर्ण कुजून काळे, भुसभुशीत आणि ओल्या मातीसारखे वासाचे होईपर्यंत दोन-तीन महिने धीर धरावा. अर्धवट कुजलेला पाला कुंडीत घातला तर सूक्ष्मजीव मातीतील नायट्रोजन स्वतःच वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. ताजे शेण तर पालेभाजीला कधीच घालू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुळे नायट्रोजन घेतात तो मुख्यतः नायट्रेट व अमोनियम या रूपांत. तो शेणखतातून आला की युरियाच्या पोत्यातून, हे मुळाला कळत नाही. मग सेंद्रिय खताचा आग्रह का? कारण ते माती घडवते. ते कणांचे रवे बांधते, पाणी धरून ठेवते, हवेला वाट देते आणि अन्नद्रव्ये हळूहळू सोडते. कुंडीच्या मूठभर मातीत रासायनिक खताचा चमचा थोडा जास्त पडला तर क्षार साठून मुळांतील पाणीच बाहेर ओढले जाते. हे परासरण तुम्ही मिठात बुडविलेल्या काकडीच्या फोडीवर पाहिलेच आहे.

आता तुमची पाळी

एकाच मापाच्या दोन कुंड्या घ्या, एक मातीची व एक प्लॅस्टिकची. दोहोंत सारखेच मिश्रण आणि सारखीच मेथी पेरा. रोज सकाळी एकाच वेळी दोन्ही कुंड्या काट्यावर तोला आणि दुपारी मातीत तापमापी खुपसून तापमान टिपा. महिनाभराच्या नोंदींचा आलेख काढा. वजनातील रोजची घट म्हणजे उडालेले पाणी. ढगाळ दिवशी ती रेषा कशी वळते ते पाहण्यासारखे आहे. शिक्षकांनी वर्गातील अर्ध्या मुलांना हा प्रयोग ऑक्टोबरात आणि उरलेल्यांना मार्चमध्ये करायला सांगावा. दोन्ही आलेख शेजारी लावले की ऋतू म्हणजे काय, हे फळ्यावर वेगळे शिकवावे लागणार नाही. आणि महिन्याच्या शेवटी प्रयोगाचे साहित्य खुशाल पोळीबरोबर खाता येईल!