दर अर्ध्या तासाने थांबणारी मालिका

सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्राला हुकूम लिहून देणं ही नवलाची गोष्ट नाही. चादरीवर मोर किंवा फूल उमटवायचं तर मागावर जेकार्ड चढवतात. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक सरकतात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. जोसेफ मारी जेकार्ड या फ्रेंच गृहस्थांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती आणली. संगणकाचा इतिहास सांगणारे अनेक जण आजही तिथूनच सुरुवात करतात.

याच पेठेत माझ्या मावशीचं घर आहे. तिथे सध्या एक वेगळा हुकूम चालतो, आणि तो टीव्हीवर.

मावशीचं वय ६८. बारा वर्षांपासून टाइप २ मधुमेह. सकाळी ती नेमाने फिरते, गोळ्या चुकवत नाही. अडचण रात्रीची आहे. साडेसातला जेवण झालं की ती टीव्हीसमोर बसते ती थेट साडेदहापर्यंत. यूट्यूबवर जुन्या मालिकांचा एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. पूर्वी जाहिराती लागल्या की घरातल्या बायका उठायच्या, विरजण लावायच्या, ओटा आवरायच्या. आता उठायला निमित्तच उरलेलं नाही.

आणि जेवणानंतरचे हेच तास रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. २०१६ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह असलेल्या २४ प्रौढांना एका दिवशी आठ तास बसवून ठेवलं. दुसऱ्या एका दिवशी त्यांना दर ३० मिनिटांनी ३ मिनिटं सावकाश चालायला लावलं. आणखी एका दिवशी चालण्याऐवजी उभ्या उभ्या टाचा उचलणं, गुडघे वर घेणं, अर्धी बैठक असे साधे व्यायाम करायला लावले. जेवणानंतर रक्तात होणारी साखरेची एकूण वाढ सलग बसण्याच्या तुलनेत साधारण ३९ टक्क्यांनी कमी भरली, चालण्यानेही आणि व्यायामानेही. कारण अवघड नाही. पायांचे मोठे स्नायू आकुंचन पावू लागले की ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. प्रयोग लहान होता, एकेका दिवसापुरता होता, हेही सांगायला हवं. त्यावरून कोणी गोळी कमी करू नये.

मावशीचा नातू डिप्लोमाला आहे. हा प्रयोग त्याच्या कानावर घातला तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग टीव्हीच थांबवू की दर अर्ध्या तासाने.’’

हे जमतं कसं, तर टीव्हीला जोडलेल्या क्रोमकास्टसारख्या उपकरणाच्या रचनेमुळे. फोनवरचा व्हिडिओ आपण टीव्हीवर ‘टाकतो’ असं म्हणतो, पण अशा वेळी सहसा चित्र फोनमधून जातच नाही. फोन फक्त कोणता व्हिडिओ लावायचा ते सांगतो. उपकरण तो स्वतः इंटरनेटवरून आणतं. म्हणजे फोन हा नुसता रिमोट. आणि रिमोटचं काम घरातला दुसरा कोणताही संगणक करू शकतो.

नातवाने एक जुना लॅपटॉप कोपऱ्यात चालू ठेवला आणि पायथन भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यासाठी ‘पायक्रोमकास्ट’ नावाचं तयार साधन फुकट मिळतं. प्रोग्रॅम आधी घरच्या वायफायवर हाक मारतो, ‘इथे कोणी टीव्हीचं उपकरण आहे का?’ उपकरण आपलं नाव आणि पत्ता सांगतं. मग ८००९ क्रमांकाच्या दारातून दोघांची जोडणी होते आणि छोटे छोटे निरोप सुरू होतात: चालव, थांबव, अमुक सेकंदावर जा. उलट दिशेने उपकरणही आपली स्थिती कळवत राहतं: चालू आहे, थांबलेलं आहे, व्हिडिओ अजून भरतो आहे, किंवा रिकामं आहे.

पहिल्या रात्री बरोबर आठला नायिका पत्र उघडत असताना चित्र गोठलं. मावशी ओरडली, ‘‘अरे, टीव्ही बिघडला की! वायफायवाल्याला फोन लाव.’’ पोराने घड्याळाकडे बघून हुकूम लिहिला होता आणि आजीला सांगायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी याहून गंमत झाली. मावशी स्वतःच टीव्ही थांबवून दहा मिनिटं शेजारणीशी दारात बोलत उभी राहिली, परत येऊन बसली, आणि दोन मिनिटांत टीव्हीने तिला पुन्हा उठवलं. तीन मिनिटांनी ‘चालव’चा हुकूम सुटला तेव्हा ती देवापाशी होती. तिने मुद्दाम थांबवून ठेवलेला भाग आपला आपण सुरू झाला.

चूक कोडच्या ओळींत नव्हती, प्रश्न मांडण्यात होती. मोजायचं होतं सलग बसणं. पोरगा मोजत होता घड्याळ. आता प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी उपकरणाची स्थिती विचारतो आणि ‘चालू आहे’ असं उत्तर आलं तरच मिनिटं धरतो. कोणी मध्ये तीन मिनिटांहून जास्त थांबवलं तर मोजणी शून्यापासून. पुन्हा चालू करण्याआधी तोच व्हिडिओ अजून थांबलेल्या स्थितीत आहे का, हे तो तपासतो. आणि मावशीच्या आग्रहावरून एक सवलत: भाग संपायला पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असेल तर शेवट होईपर्यंत थांबायचं. मला ही सवलत सगळ्यात शहाणपणाची वाटते. औषध असो की कोड, माणसाने वैतागून बंद केलं तर त्याचा उपयोग शून्य.

एक गोष्ट मात्र बारकाईने बघा. घरच्या वायफायवर असलेल्या कुणालाही हे उपकरण ओळखपाळख न विचारता दाद देतं. शेजाऱ्याला पासवर्ड दिला असेल तर त्याचं पोरगंही तुमची मालिका थांबवू शकतं. एवढ्यावर निभावलं तर ठीक. २०१९ च्या जानेवारीत काही हॅकर्सनी जगभरातल्या हजारो क्रोमकास्टवर आपला व्हिडिओ परस्पर लावून दाखवला होता. राउटरमधल्या ‘यूपीएनपी’ नावाच्या सोयीमुळे ती उपकरणं घराबाहेरच्या इंटरनेटला उघडी पडली होती. ही सोय राउटरमध्ये बंद करता येते, आणि पाहुण्यांसाठी वेगळं वायफायही ठेवता येतं. दोन्ही आजच करावं.

मावशीकडचा प्रकार ऐकून काही ओळखीच्या पालकांनी विचारलं, मुलांसाठी असं करता येईल का? करता येईल. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पण मुलांच्या नकळत टीव्ही बंद पाडणारा प्रोग्रॅम मला पटत नाही. मूल चार दिवसांत लॅपटॉपची वायर काढायला शिकेल. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. त्या भोंग्याची तार कुठल्याही टीव्हीला जोडलेली नाही. गावाने एकत्र बसून ठरवलं म्हणून तो चालतो, आणि त्यात मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो.

भवानी पेठेत आता टीव्ही थांबला की मावशी ओट्याला धरून टाचा उचलते, मग माजघरातून दारापर्यंत चार फेऱ्या मारते. गुडघा दुखतो त्या दिवशी नुसत्या फेऱ्या, त्याही भिंतीला हात लावून. बसल्या जागेवरून झटकन उठायचं नाही, कारण रक्तदाबाची गोळीही चालू आहे. साखर किती उतरली ते तिच्या डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीत दिसेल.

नऊची मालिका मात्र ती अजून केबलवरच बघते. सेट टॉप बॉक्सला नातवाच्या कोडचं काही ऐकू येत नाही. तिथे भरपूर जाहिराती असतात. त्या लागल्या की उठायचं, हे मावशीने आपलं आपणच ठरवलं आहे.